पोलादी फ्लायव्हीलवर आलेली पेटंटची नोटीस

नोटिशीत तीन मागण्या होत्या. पोलादी प्लेटांचं फ्लायव्हील बनवणं ताबडतोब थांबवा, तयार माल आमच्या ताब्यात द्या, आणि आजवर विकलेल्या प्रत्येक चाकामागे भरपाई द्या. मुदत पंधरा दिवसांची. वऱ्हाडात हडंबे (मळणी यंत्रं) बनवणाऱ्या वर्कशॉपला असं पत्र सोयाबीनच्या तोंडावर आलं की पहिला विचार येतो तो माल बंद करून मोकळं होण्याचा. तसं केलं नाही ते बरं झालं. पेटंटचा वाद नोटिशीतल्या दमदाटीवर ठरत नाही. तो पेटंटच्या दाव्यांतल्या (नेमका कशावर हक्क आहे ते सांगणाऱ्या वाक्यांतल्या) शब्दांवर आणि आपल्या कपाटातल्या जुन्या कागदांवर ठरतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कशा वाचायच्या हे आमच्या भागात कुणी सांगत नाही, म्हणून हा सगळा क्रम सविस्तर लिहितो आहोत.

आधी चाक काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हडंब्याच्या ड्रमच्या शाफ्टवर बसणारं हे फ्लायव्हील. ओली पेंढी एकदम आत गेली की ड्रमचे फेरे कमी होतात आणि पट्टा घसरतो. तेवढा वेळ चाकात साठलेली ऊर्जा कामी येते. पूर्वी बिडाचं चाक बसवायचे. मग काहींनी ४० मिमी जाडीच्या प्लेटीतून ६०० मिमी व्यासाची भरीव तबकडी कापून लावली. तिचं वजन साधारण ८९ किलो भरतं आणि जडत्व (चाकाचा वेग बदलायला होणारा विरोध) ४ किलो-चौरस मीटर. आमची रचना वेगळी आहे. मध्ये १० मिमीची ६०० व्यासाची तबकडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना ४० मिमी प्लेटीतून कापलेलं एकेक कडं, बाहेरचा व्यास ६००, आतला ४८०. तिन्ही मिळून ८६ किलोच्या आसपास, पण जडत्व ५.७. म्हणजे वजन थोडं कमी आणि जडत्व ४० टक्क्यांहून जास्त, कारण वस्तुमान कडेला गेलं. फेरे मिनिटाला ५४० वरून ५०० वर उतरले तर हे चाक सुमारे १,३०० जूल देतं. भरीव तबकडी ९०० च्या थोडं वर. कड्याच्या पोटातून निघालेला ४० मिमीचा गोळा वाया जात नाही, त्यातून कडबा कुट्टीचं लहान चाक निघतं. हे नवं काहीतरी शोधलं म्हणून केलेलं नव्हतं. प्लेट महाग आहे म्हणून केलेलं होतं.

नोटिशीतला क्रमांक तपासणं हे पहिलं काम. आपल्याकडे २०१६ पासून पेटंटच्या अर्जाला बारा आकडी क्रमांक मिळतो: पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (१ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई), सहावा अर्जाच्या प्रकाराचा, उरलेले सहा अनुक्रमाचे. मंजूर झालेल्या पेटंटचा क्रमांक वेगळा आणि सध्या सहा आकडी असतो. नोटिशीत ‘आमचं पेटंट’ म्हणून बारा आकडी क्रमांक असेल तर तो अर्जाचा आहे, आणि नुसत्या अर्जावर न्यायालयात खटला लावता येत नाही. मंजुरी मिळाल्यावर मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासूनचे हक्क मागता येतात, त्यामुळे ‘अजून अर्जच आहे’ म्हणून निवांत बसणंही बरोबर नाही. काही नोटिसा तर पेटंटच्या नसतातच. क्रमांकाच्या शेवटी जोडरेषा आणि तीन आकडे दिसले तर ती डिझाइनची नोंदणी समजावी. डिझाइन फक्त दिसण्याचं संरक्षण करतं. चाक आतून कसं जोडलंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

आमच्या नोटिशीतला क्रमांक २०२१ सालच्या, मुंबई कार्यालयातल्या अर्जाचा होता. पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत शोधसेवेत तो घातल्यावर कळलं की पेटंट मंजूर झालेलं आहे, पण मंजुरीच्या प्रसिद्धीला अजून वर्ष उलटलेलं नाही. हे वर्ष महत्त्वाचं, ते का ते पुढे येईल. तिथेच ई-रजिस्टरमध्ये नूतनीकरणाचं शुल्क भरलंय का तेही दिसतं. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षीचं शुल्क भरावं लागतं. ते थकलं आणि वाढीव सहा महिनेही गेले तर पेटंट संपतं. संपलेलं पेटंट १८ महिन्यांच्या आत पुन्हा जिवंत करून घेता येतं, म्हणून ‘संपलं’ एवढं वाचून थांबू नये, तारीख बघावी. आमच्या बाबतीत शुल्क भरलेलं होतं.

मग दावे. पेटंटची पुस्तिका वीस-पंचवीस पानांची असली तरी कायद्याने बांधतात ती शेवटची एक-दोन पानं. वर्णनात पेटंटदाराने बिडाच्या चाकापासून सगळ्याची हकीकत लिहिलेली असते, आणि नोटीस पाठवणारा वकील बहुतेक वेळा त्या वर्णनातलीच वाक्यं उचलतो. आम्ही पहिला स्वतंत्र दावा घेतला आणि त्याचे तुकडे पाडले. एक, मध्ये पोलादी तबकडी. दोन, तिच्या दोन्ही बाजूंना कडं. तीन, तिन्ही आरपार आवळणारे बोल्ट. चार, कड्याच्या आतल्या काठावर खाच आणि तबकडीवर तिच्यात बसणारा उंचवटा, म्हणजे कडं आपोआप मध्यावर येतं. पाच, हबमध्ये (चाकाच्या शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागात) निमुळतं बुश, शाफ्टला चावी (खाचेत बसणारी पट्टी) न लावता घट्ट पकडणारं. समोरच्या रकान्यात आमचं चाक लिहिलं. पहिले तीन तुकडे जुळत होते. चौथा नाही: आमच्याकडे कडं १२ मिमीच्या दोन डॉवेल पिनांवर (जागा पक्की करणाऱ्या गोल खिळ्यांवर) बसतं. पाचवा तर मुळीच नाही: आमचा हब ईएन ८ प्रतीच्या पोलादाचा, सरळ भोकाचा, ५० मिमी शाफ्टवर १४ मिमी रुंदीच्या चावीने आणि ग्रब स्क्रूने धरलेला.

दाव्यातला प्रत्येक आवश्यक तुकडा आपल्या वस्तूत असेल तरच उल्लंघन. पण एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे, कारण न्यायालय शब्दापलीकडे जाऊन शोधाचा गाभा बघतं, आणि ‘डॉवेल काय, उंचवटा काय, काम एकच’ असा युक्तिवाद समोरून येणारच. म्हणून दुसरी बाजूही तितकीच पक्की करावी लागते: पहिले तीन तुकडे अर्जाच्या तारखेआधीच बाजारात होते हे सिद्ध करणं.

खरा घाम इथेच गळतो. मोजायची ती अर्जाची किंवा त्याच्या अग्रक्रमाची (त्याच शोधाचा अर्ज आधी कुठे केला असेल तर त्याची) तारीख, मंजुरीची नव्हे. त्याआधी वस्तू भारतात उघडपणे वापरात होती, किंवा जगात कुठेही छापील स्वरूपात प्रसिद्ध होती, तर ती नवी राहत नाही. हडंबा विकला आणि तो वावरात चालला म्हणजे उघड वापर झाला. पण ते कागदावर दिसायला हवं, आणि नेमकं तेच आपल्या बिलांवर दिसत नाही. जीएसटी बिलावर ‘फ्लायव्हील, १ नग, एचएसएन ८४८३’ एवढंच असतं. त्यावरून चाक बिडाचं की पोलादी, भरीव की कड्यांचं, काहीच कळत नाही. उपयोगी पडलं ते प्रोफाइल कटिंगचं जॉबवर्क चलन. कापणारा वजनावर पैसे घेतो, म्हणून तो मापं लिहितो: ४० मिमी प्लेट, बाहेर ६००, आत ४८०, नग दोन, १० मिमी प्लेट, ६०० ची गोल, नग एक. २०१८ सालच्या चलनावर ही तीन मापं एका ओळीखाली एक होती, आणि त्याच महिन्याच्या बोल्टच्या बिलावर एम १६ चे ८.८ प्रतीचे बोल्ट, एका चाकाला आठ या हिशेबाने. ही दोन कागदं एकत्र ठेवली की रचना उभी राहते. एकेकटं ठेवलं तर कुठलंच पुरेसं नाही.

तिसरा दुवा प्रत्यक्ष चाकाचा. त्या काळात विकलेला हडंबा शोधून काढला, नामपट्टीवरचा क्रमांक आणि बिलाचा क्रमांक जुळवला, मालकासमोर चाक उतरवलं, मापं घेतली, फोटो काढले आणि मालकाचं शपथपत्र केलं. शपथपत्रात ‘आमच्याकडे हा हडंबा खूप वर्षांपासून आहे’ असं ढोबळ लिहून भागत नाही. कोणत्या हंगामात घेतला, चाक कधी बदललं का, बदललं नसेल तर तसं स्पष्ट, चाकावर कड्यांचे सांधे बाहेरून दिसतात का, हे सगळं हवं. पेटंट कार्यालयात कागद हिंदीत किंवा इंग्रजीत लागतात, म्हणून मराठी शपथपत्रासोबत भाषांतर जोडावं लागतं. त्या भाषांतरात मापं आणि तारखा पुन्हा एकदा मूळ कागदाशी ताडून बघाव्यात. भाषांतर करणाऱ्याला मिमी आणि इंचात फरक वाटत नाही.

फोटोंचं वेगळं सांगायला हवं. व्हॉट्सअपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारखेची माहिती निघून गेलेली असते. मूळ फाइल ज्या फोनमध्ये किंवा मेमरी कार्डात आहे ती तशीच जपावी, कॉपी करूनच द्यावी. संगणकातल्या ड्रॉइंगच्या फाइललाही हेच लागू. १ जुलै २०२४ पासून अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहावी लागते. ते काम फाइल पहिल्यांदा बाहेर काढतानाच उरकलं तर पुढे कुणाला शंका काढायला जागा राहत नाही.

प्रसिद्ध साहित्य शोधताना शब्दांवर शोध घेणं फारसं कामाचं नाही. प्रत्येक देशातला लेखक चाकाला वेगळं नाव देतो. वर्गावर शोधावं. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात फ्लायव्हील एफ १६ एफ १५/३० या वर्गात येतात, आणि चाक शाफ्टला कसं बसवायचं ते एफ १६ एफ १५/३१५ मध्ये. जुनी परदेशी पेटंटं, ज्यांची मुदत कधीच संपली आहे, ती एस्पेसनेट या पेटंटांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि चित्र बघून निम्मं कळतं. विदर्भातल्या लोकांच्या हाताशी एक चांगली सोय आहे: केंद्र सरकारची पेटंट इन्फॉर्मेशन सिस्टीम आणि बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्था, दोन्ही नागपुरात आहेत. पेटंट म्हटलं की मुंबईच गाठावी लागते असा समज आमच्याकडे पक्का आहे. शोधाच्या कामापुरता तो खरा नाही.

जुळवणीच्या मुद्द्यावर एक निकाल प्रत्येक फॅब्रिकेटरने माहीत करून घ्यावा. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर १९७८. वाद मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांमधला, लेथवर भांडं धरण्याच्या साधनावरचा. न्यायालयाने पेटंट अवैध ठरवलं. माहीत असलेल्या भागांची जुळवणी करून वर्कशॉपमध्ये होते तशी नुसती सुधारणा पेटंटला पात्र नाही, आणि पेटंट मंजूर झालं म्हणजे ते वैध असल्याची हमी मिळाली असं नाही, हे त्यात स्वच्छ सांगितलंय. निमुळतं बुश पुलींमध्ये कित्येक वर्षं वापरात आहे; ते कड्यांच्या चाकाला लावलं यात शोध किती, हा प्रश्न आम्ही याच निकालाच्या आधारे मांडला.

नोटिशीचं उत्तर मुदतीत दिलं, पण छोटं. पेटंटचा मंजुरी क्रमांक आणि कोणत्या दाव्याचं उल्लंघन होतंय त्याचा तुकड्यांनिशी तक्ता मागितला, आरोप नाकारला, हक्क राखून ठेवले. ड्रॉइंग दिलं नाही, विक्रीचे आकडे दिले नाहीत, ‘यापुढे करणार नाही’ असं काहीही लिहिलं नाही. हे शेवटचं वाक्य घाबरून सहज लिहिलं जातं, आणि समोरचा पुढे तीच कबुली म्हणून दाखवतो. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध पेटंट कायद्याच्या कलम १०६ खाली आपणही न्यायालयात जाऊ शकतो, हेही उत्तरात नमूद केलं. नुसतं ‘आमचं असं पेटंट आहे’ एवढंच कळवणं या कलमात धमकी ठरत नाही. माल बंद करा, नाहीतर खटला लावू, हे ठरतं. जिल्हा न्यायालयात कॅव्हेट (आगाऊ सूचना-अर्ज) टाकलं, म्हणजे आपल्याला न ऐकता मनाई मिळू नये. ते ९० दिवसांपुरतंच असतं, नंतर नव्याने टाकावं लागतं. पेटंटचा खटला जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि त्यात पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा घातला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. आमच्यासाठी ते नागपूर खंडपीठ.

आता त्या एका वर्षाचं. मंजुरीच्या प्रसिद्धीपासून वर्षाच्या आत कोणीही हितसंबंधी व्यक्ती कलम २५(२) खाली फॉर्म ७ भरून विरोध नोंदवू शकते. नोटीस मिळालेला उत्पादक हितसंबंधी आहे यात वादच नाही. दुसरा मार्ग उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याची याचिका किंवा प्रतिदावा. दोन्ही एकदम करता येत नाहीत. अलॉयस वोबेन विरुद्ध योगेश मेहरा या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकच वाट निवडा असं ठरवलंय; तो वाद पवनचक्क्यांच्या पेटंटांवरचा होता. आम्ही फॉर्म ७ निवडला. खर्च न्यायालयापेक्षा बराच कमी, पेटंट एजंट हजर राहू शकतो, आणि विरोध तपासणाऱ्या मंडळावरच्या तपासनिसांना चाकाचं चित्र वाचता येतं. तोटा हाच की इथे हरलो तर तोच विषय घेऊन रद्द करण्याची मागणी पुन्हा उभी करता येत नाही. वर्ष उलटून गेलेलं असेल तर अर्थातच हा मार्ग बंद.

फॉर्मसोबत लेखी निवेदन आणि सगळा पुरावा एकदमच जातो. पेटंटदाराला उत्तरासाठी दोन महिने मिळतात. त्याने उत्तरच दिलं नाही तर पेटंट रद्द झालं असं मानलं जातं. त्याच्या पुराव्यावर आपल्याला एक महिना, आणि तोही फक्त त्याने मांडलेल्या गोष्टींपुरता. म्हणून मागाहून देऊ म्हणून काही मागे ठेवायचं नाही. मग तीन सदस्यांचं विरोध मंडळ शिफारस करतं आणि पेटंट कार्यालयाचा नियंत्रक सुनावणी घेतो.

हे चालू असताना हंगाम थांबत नाही. पर्यायी चाक करून बघितलं: बोल्टऐवजी कडी तबकडीला वेल्ड करायची. कागदावर दाव्याचा तिसरा तुकडा सुटतो. लेथवर मात्र वेगळंच दिसतं. ४० मिमीच्या कड्याला १० मिमीची तबकडी वेल्ड केली की पातळ तबकडी ओढली जाते आणि चाक थाळीसारखं वाकतं. समोरासमोर तुकड्या-तुकड्याने वेल्ड मारलं, जाड भाग आधी तापवून घेतला, वेल्डिंगचे ७०१८ प्रतीचे रॉड भट्टीत वाळवून वापरले, तरी चाक नंतर लेथवर तासावंच लागतं, आणि तासलं की तोल पुन्हा जातो. ५४० फेऱ्यांना कडेचा वेग सेकंदाला १७ मीटर, केंद्रोत्सारी ताण अडीच मेगापास्कलहूनही कमी. तुटण्याची भीती नाही. भीती कंपनाची आहे. ८६ किलोच्या चाकाला जी ६.३ प्रतीचा (तोल किती अचूक हवा त्याची ठरलेली पातळी) तोल हवा तर २७० मिमी त्रिज्येवर जेमतेम ३५ ग्रॅमची सूट मिळते. वेल्डचा एक जाडसर थर तेवढा भरतो. बोल्टचं चाक याबाबतीत कितीतरी सरळ आहे, फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्लेटीवरची काळी पापडी ग्राइंडरने पूर्ण काढायची, नाहीतर ती आत चुरा होते, बोल्टचा ताण जातो आणि चाक खडखडायला लागतं. आणि तिन्ही थर एकत्र धरूनच भोकं पाडायची, खुणा ठोकायच्या, मग बोल्ट साधारण २०० न्यूटन-मीटरने आवळायचे.

पेटंट टाळताना यंत्र बिघडलंच पाहिजे असं नाही, हेही खरं. जेम्स पिकार्डने १७८० साली इंजिनाला क्रँक लावण्याचं पेटंट घेतलं, म्हणून जेम्स वॉटने १७८१ मध्ये सूर्य-ग्रह दातेरी चक्रांची रचना पेटंट केली. त्यात इंजिनाच्या एका आवर्तनात फ्लायव्हील दोनदा फिरतं, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने हलकं चाकही पुरतं. आमच्याकडे तशी जागा हबमध्ये होती. चावी ठेवली, पण हब वेल्ड करण्याऐवजी फ्लँज काढून सहा बोल्टांनी तबकडीला धरला. निमुळत्या बुशापासून रचना आणखी लांब गेली, आणि शाफ्ट न बदलता चाक उतरवता येऊ लागलं. ते नवं ड्रॉइंग तारीख आणि आवृत्ती क्रमांक घालून, दोघांच्या सह्यांनी ठेवलं.

२०१८ चं चलन आणि शपथपत्रं समोर गेल्यावर पेटंटदाराने आपल्या उत्तरात दावा आकुंचित करून दिला. कायद्याने असा बदल फक्त मूळ दाव्याच्या आतच करता येतो, रुंद करता येत नाही. तबकडी, कडी आणि बोल्ट एवढ्यावरचा हक्क सुटला. खाच-उंचवटा आणि चावीविना निमुळतं बुश हे दोन्ही एकत्र असतील तरच पेटंट, अशा रूपात ते कायम राहिलं. आम्हाला पूर्ण रद्द झालेलं हवं होतं, बुश लावण्यात शोध नाही हे आमचं मत अजूनही तेच आहे. पण आमचं चाक त्या दाव्याबाहेर पडलं आणि नोटीस लेखी मागे घेतली गेली. ते मागे घेतल्याचं पत्र तोंडी आश्वासनावर न सोडता मागून घ्यावं, आणि त्यात पेटंटचा क्रमांक व आपल्या चाकाचं वर्णन दोन्ही असावं.

आता कुणा गिऱ्हाइकाने निमुळत्या बुशाचं चाक मागितलं तर आम्ही कडी डॉवेलवरच बसवतो. खाच आणि उंचवटा काढत नाही. बिलावर ‘फ्लायव्हील’ एवढ्यावर न थांबता ड्रॉइंग क्रमांक आणि आवृत्ती लिहितो, आणि कटिंगवाल्याकडून मापांसह चलन घेतल्याशिवाय प्लेट उचलत नाही. ते पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, म्हणजे शुल्क भरत राहिले तर २०४१ पर्यंत चालेल.